पेठेची शिरगणती आणि गोजराआत्यांचा पुकारा

श्री. जी यंत्रास जागे करिते आणि मर्जी फिरली म्हणजे काम अर्धे टाकून निजविते, जिच्या पोटात काय आहे ते कोणास दाखवीत नाही, त्या कुलूपबंद शक्तीस दुरून दंडवत. आणि जी आपले पोट उघडून सर्वांस दाखविते, चुकले तर सांगा म्हणते, त्या दुसऱ्या शक्तीस जवळ जाऊन दंडवत. शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरी चैत्रमासी आरंभ होऊन पुढील विश्वावसु संवत्सरी मार्गशीर्षापर्यंत आट्यापाट्यांच्या गेमाचे दौलतीत जे जे जाहले, ते साहेबांनी पुसिले, की 'गेम नामी होता, गडावरून बुडाला कैसा, खरे तेच लिहिणे, कोणाची भीड धरणे नाही.' आज्ञा शिरसावंद्य. भीड न धरण्याची आज्ञा आमच्यासारख्या लेखकास क्वचित होते, तेव्हां ती पुरेपूर पाळिली आहे.

दौलतीचे नाव लिहीत नाही, कारण लिहिले तर इतर दौलती रागावतील की आमच्याकडेही हेच चालते, मग आमचे नाव का नाही. ऐशास त्या दौलतीत घरोघर संगणकयंत्रे होती, आणि यंत्र म्हणजे नुसते डबडे, त्यास कामास लावणारी जी मूळ आज्ञावली तीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आणि ज्याची सिस्टीम त्याचे त्या यंत्रावर राज्य. ऐसी राज्ये तेथे दोन. एक बंद गड. गडाची सिस्टीम कुलपात, आत काय चालते ते एक किल्लेदार जाणे, आणि किल्लेदारास मनास आले की तो अपडेट म्हणोन एक स्वारी सोडी, ती न पुसता घरात शिरे, सामान इकडचे तिकडे करी आणि जाताना 'आता सर्व छान झाले' ऐसी पाटी लावून जाई. दुसरी खुली पेठ. पेठेची सिस्टीम उघडी, ज्यास ज्यास वाचून कळेल त्याने वाचावी, मोडले ते दुरुस्त करावे आणि केलेली दुरुस्ती सर्वांस वाटावी, ऐसा तेथील रिवाज. गडावर लोक बहुत, पेठेत थोडे. आणि गेम बनविणारे जे कारखानदार, ते यच्चयावत गडाच्या दरवाज्यात पथाऱ्या टाकून बसलेले, पेठेकडे तोंड म्हणोन करीत नसत.

त्या कारखानदारांत हैबतराव निंबोणकर म्हणोन एक होते. माणूस कसबी, मनाचा वाईट नव्हे, परंतु जो शेवटी बोलेल त्याचे खरे मानणारा. आणि दुर्दैव ऐसे की दरबारात शेवटी नेहमी दिवाण विसाजीपंत बोलत. रावांनी लहानपणी गावच्या मैदानावर ज्या आट्यापाट्या पाहिल्या, त्या गेमात उतरविण्याचा मनसुबा केला. आखलेल्या पाट्यांवर अडविणारे उभे, आणि पळणारे अंग चुकवून पार जाणार, ऐसा तो खेळ. आणि त्यात पंचाचा पुकारा कोणाचा घ्यावा हा प्रश्नच नव्हता. रावांच्या आत्या गोजराबाई गावी आट्यापाट्यांच्या पंच होत्या. बाईमाणूस पंच कैसी म्हणोन कोणी नाक मुरडिले, तों बाईंनी 'सुटा!' म्हणोन ऐसा पुकारा केला की मुरडलेले नाक जागच्या जागी सरळ झाले. त्यांचा 'बाद! चल बाहेर!' ऐकून मैदानाकडेच्या म्हशीसुद्धा चरता चरता मान वर करीत आणि आपणच बाद झालो की काय म्हणोन पाहात. मग रावांनी आत्यांस कारखान्यात आणिले, खोलीच्या भिंतींस गोधड्या टांगिल्या आणि सर्व पुकारे ध्वनियंत्रात घेतले. मध्यंतरी चहा आला, तेव्हां राव लहानपणी फडताळातला गूळ चोरीत असत त्याची आत्यांस आठवण जाहली आणि त्या हसत हसत 'चोर रे चोर! सापडला बघ!' ऐसे बोलिल्या, यंत्र चालूच होते, ते बोलही आत राहिले. कोणी पुसून टाकिले नाहीत, म्हणोन साहेबांनी हे बोल ध्यानात ठेवावे.

पुढे त्याच सालात बाईंच्या घशास दुखणे लागले आणि डॉक्टरांनी शस्त्र चालवून जीव राखिला परंतु आवाज गेला, तो कायमचा गेला. बाई बिछान्यावर बसल्या, तोंड उघडीत आणि मिटीत. तेव्हां राव पायांशी बसोन बोलिले, "आत्या, आवाज कुठं गेला नाही. गेममध्ये आहे. मनात येईल तेव्हा लावायचा आणि ऐकायचा. माझा शब्द आहे." बाईंनी रावांचा हात धरून डोळ्यांस लाविला. हा शब्द रावांनी दिला आणि तो देताना ते खरे बोलत होते, एवढे त्यांच्या बाजूने लिहितो. पुढे त्यांच्या बाजूने लिहिण्याजोगे बहुत नाही.

गेम गडावर निघाला आणि एकच गर्दी जाहली. दौलतीत पोरेसोरे, कचेरीतले कारकून, नव्या नवऱ्या, सर्व 'सुटा!' ऐकून पळू लागले आणि 'बाद!' ऐकून कपाळ बडवू लागले, आणि आवाज कोणाचा ते कोणास ठाऊक नाही पण आवाज ठाऊक नाही ऐसे घर उरले नाही. ऐशास एक घर मात्र उरले, ते खुद्द गोजराबाईंचे. कारण बाईंचे यंत्र जुने, आणि किल्लेदाराने हुकूम काढिला होता की जुनी यंत्रे गडावर ठेवणे नाही, धडधाकट असली तरी ठेवणे नाही, मालकांनी नवी घ्यावी. ऐसी हजारो यंत्रे गडाच्या तटावरून खाली लोटिली. ती पेठेने झेलिली. गावच्या वाचनालयात नजमा आतार म्हणोन बाई होती, शिकलेली, जिभेची तिखट, कोणाचे देणे लागत नसल्याने कोणास न भिणारी. तिने बाईंच्या यंत्रावर पेठेची खुली सिस्टीम चढविली आणि यंत्र पुन्हा तरुण जाहले. वाचनालयातील यंत्रेही तैसीच. तेथे गावच्या चारदोन म्हाताऱ्या आणि शाळेतल्या मुली दुपारी जमत, बाई त्यांत बसत, खुणांनी हसत. सर्व होते, गेम तेवढा नव्हता. गेम गडाचा, पेठेत त्याचे दार नव्हते.

मग नजमा आपण होऊन हैबतरावांच्या दरबारी गेली. विसाजीपंतांनी पेठेची बाई म्हणोन तीस बाकावर बहुत वेळ बसविले, मग आत घेतले. ती उभ्यानेच बोलिली, "रावसाहेब, आम्हाला फुकट नकोय, आणि मेहरबानीही नकोय. गेम बांधताना पेठेच्या बाजूनं एक दार ठेवा, एवढंच. रस्ता आम्ही करतो, झाडलोट आम्ही करतो, मोडलं तर सांगतो. आणि उद्या किल्लेदारानं तुम्हाला हाकललं तर उभं राहायला जागा राहील, तो फायदा तुमचाच." हैबतराव मान हालवू लागले. तों पंत खाकरले आणि पुसिले, "बाई, पेठेत माणसं किती?" नजमा बोलिली, "मोजा की. या, आम्ही चहा करतो." पंत बोलिले, "मोजू, मोजू. आमची रीत शास्त्रीय असते."

आता शास्त्रीय रीत कैसी होती ते साहेबांनी ऐकावे आणि ऐकताना पाणी पिऊ नये, ठसका लागेल. पंतांनी गेमातच एक प्रश्न बसविला. गेम उघडताच पडद्यावर येई, 'आपण खुल्या पेठेचे रहिवासी आहात काय? होय अथवा नाही.' आणि गेम तर पेठेत उघडतच नव्हता. म्हणजे पेठेत कोण राहतो हे गडावर बसोन गडकऱ्यांस पुसिले. उत्तरे आली. शंभरांत नव्व्याण्णव बोलिले नाही, आणि जो एक होय बोलिला त्याचे बोट घसरले होते. पंतांनी त्या एकाचे चित्र काढविले, रंगीत, वाटोळे, त्यात पेठ म्हणोन एक केसाएवढी फाक, आणि ते दरबारात भिंतीवर लावून काठीने दाखविले, "शंभरांत एक! या एकासाठी दार पाडायचं?" दरबारात शिकलेले लोक बसले होते, परदेशी जाऊन आलेले होते, कोणी ऐसे पुसिले नाही की पंत, पेठेची माणसे मोजिली कोठे. सर्वांनी मान डोलाविली, कारण चित्र रंगीत होते. हैबतराव हळूच बोलिले, "पण आत्या तिकडंच असतात." पंत बोलिले, "आत्याबाईंना नवं यंत्र पाठवू की. एका आत्यासाठी कारखान्याचं धोरण ठरत नसतं." मग रावांसही ते खरे वाटले.

नवे यंत्र आत्यांकडे रवाना जाहले, चकचकीत, गडाची सिस्टीम आत. बाईंनी ते उघडिले, तों त्याने नाव पुसिले, गाव पुसिले, जन्मतारीख पुसिली, डोळ्यांचा फोटो मागितला, मग बाजारातल्या वस्तूंच्या जाहिराती दाखविल्या, मग अपडेटची स्वारी आली ती दुपार गिळून बसली. वाचनालयात बाकीच्या म्हाताऱ्या जमल्या होत्या, त्यांच्या यंत्रांवर गेम नव्हताच, आणि बाई एकटीने घरी बसोन खेळणाऱ्या नव्हत्या. जन्मभर मैदानात उभी राहिलेली बाई ती, चार जण भोवती नसता पुकारा कोणासाठी ऐकावा? बाईंनी यंत्र मिटिले आणि कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणोन ठेविले. त्या साली लोणचे उत्तम मुरले. गडाच्या सिस्टीमचा दौलतीस एवढा उपयोग झालेला आम्ही प्रथम ऐकिला.

तेव्हां नजमा संतापली आणि पेठेतील जाणत्या मंडळींनी मसलत केली, की दार नाही तर नसो, आपण दुभाषी ठेवू. दुभाषी म्हणजे ऐसी आज्ञावली, की गेम गडाच्या भाषेत जे बोलेल ते ती पेठेच्या सिस्टीमास समजावून सांगे, आणि सिस्टीम जे सांगे ते गेमास गडाच्या भाषेत परत देई. गेमास वाटावे आपण गडावरच आहो. यात चोरी नव्हती, गेम रीतसर घेतलेला, फक्त बसण्याची जागा वेगळी. पेठेतील कोणी रात्रीच्या जेवणानंतर, कोणी कचेरीच्या सुट्टीत, कोणी परदेशातून, ऐसे हात लावून तो दुभाषी शहाणा केला. आणि एके दुपारी वाचनालयात गेम उघडला आणि "सुटा!" ऐसा पुकारा जाहला. म्हाताऱ्यांनी एकमेकींच्या मांड्यांवर थापा मारिल्या. मुली ओरडल्या, "आत्याबाई, तुम्हीच की!" गोजराबाई खुर्चीवर ताठ बसल्या आणि पडद्यावर 'सुटा' होई तेव्हां तोंडाने तैसेच ओठ हालवीत, आवाज पडद्यातून येई, ओठ त्यांचे हालत, आणि दोन्ही बरोबर जुळत. नजमा बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसून आली. हे वर्तमान लिहिताना आमचाही उपहास थोडा वेळ बाजूस राहिला, तो पुन्हा उचलितो.

ऐशास पेठेचा रिवाज वर लिहिला आहे, की मोडले दिसले तर सांगावे. गडावरचे खेळणारेही तक्रारी करीत, पण त्यांची तऱ्हा ऐसी, की 'गेम भिकार आहे', किंवा 'चालत नाही', किंवा नुसती शिवी. पेठेतले लिहीत की अमक्या पाटीवर, अमुक कळ दाबता, अमके होते, आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिले, कारण बहुधा अमके असावे. त्यांत एक दोष मोठा सापडला. शेवटच्या पाटीवर 'सुटा' चा पुकारा होत असतानाच उडीची कळ दाबिली, तर पळणारा गडी अडविणाऱ्याच्या अंगातून आरपार जाई, भुतासारखा. शाळेतल्या मुलींस तो सापडला, नजमाने नीट लिहून कळविला. हा दोष गेमाच्या हाडातला, गडावरही तोच. आणि गडावरच्या लबाड खेळाडूंस तो केव्हाचा ठाऊक होता, ते त्यावर सामन्यामागून सामने जिंकीत होते आणि अर्थातच कळवीत नव्हते.

आता दरबाराने काय केले? कोणीही म्हणेल, मुलींस शाबासकी दिली असेल, दोष दुरुस्त केला असेल. साहेब, दरबार दरबार असतो. विसाजीपंतांनी तक्रारी चाळिल्या आणि कपाळास आठ्या घालून बोलिले, "बघा राव. मूठभर माणसं आणि तक्रारी ढीगभर. पेठ म्हणजे कटकट, मी म्हटलंच होतं. आणि ही दुसरी गोष्ट बघा. चोरवाट यांनाच बरी सापडली! सरळ माणसाला चोरवाट दिसते का? ज्याला वाट ठाऊक, तोच चोर." दरबार वाहवा बोलिला. घरास आग लागली म्हणोन जो हाका मारीत आला, त्याच्याच हाती काडेपेटी असणार, ऐसा हा न्याय. एका तरुण कामगारणीने हात वर केला की दोष आपल्या गेमातच आहे, तो आधी काढू, दोन दिवसांचे काम. पंत बोलिले, "दोष आपण कबूल करायचा? पहारेकरी बसवा."

मग एका बड्या सरदाराकडून पहारेकरी नावाची आज्ञावली भाड्याने आणिली. ती गडाच्या सिस्टीमात अगदी आतल्या दालनात, जेथे खुद्द किल्लेदाराचे हुकूम चालतात, तेथे जाऊन बसे आणि खेळणारा कोण, त्याच्या यंत्रात काय आहे, सर्व हुंगीत राही; आणि दुभाष्याचा वास आला की खेळणाऱ्यास चोर ठरवून बाहेर काढी. बाहेर काढताना काही पुकारा हवा. पंतांनी जुने ध्वनी उपसले, त्यांत चहाच्या वेळचे आत्यांचे बोल सापडले, ते कापून 'बाद' च्या पुकाऱ्यास जोडिले आणि पुसिले, "राव, पहारेकऱ्याला आवाज कुणाचा?" हैबतराव त्या समयी मोठ्या सामन्याच्या मांडवाची तजवीज पाहात होते. न ऐकता बोलिले, "आहे तोच घ्या. लोकांच्या कानात बसलाय." येणेप्रमाणे पहारेकरी बसला आणि पेठेचा गेम त्याच दिवशी बंद पडला. गडावरचे लबाड होते ते आरपार उड्या मारीतच राहिले, कारण त्यांच्याकडे दुभाषी नव्हता, ते अस्सल गडकरी. पहारेकरी त्यांस मुजरा करी. प्रामाणिक खेळणारे कंटाळले आणि एकेक करून उठून गेले.

त्याउपर विश्वावसु संवत्सरी मोठ्या सामन्याचा दिवस उजाडला. मांडव पडला, ढोल लागले, दौलतीतील नामांकित खेळाडू यंत्रांपुढे बसले, हैबतराव नवा फेटा बांधून उभे राहिले. आणि गडावरून अपडेटची स्वारी सुटली. किल्लेदाराने त्याच सकाळी हुकूम केला होता, की आतल्या दालनात परक्याचा पहारेकरी बसणे नाही, दिसेल तो काढून टाकावा, आणि ज्या गेमाने तो आणिला तो गेमही बंद करावा. सर्व यंत्रे एकदम काळी जाहली. ढोल थोडा वेळ वाजत राहिले, कारण ढोलकऱ्यांस कोणी सांगितले नाही. हैबतराव फेट्यानिशी गडाच्या दरवाज्यात धावले आणि अर्ज केला. दरवाज्यातून यंत्राने उत्तर दिले, "आपण आम्हास मोलाचे आहात." पुन्हा अर्ज केला. "आपण आम्हास मोलाचे आहात." राव ओरडिले, "अरे पण माझा गेम!" यंत्र बोलिले, "आपला अनुभव कैसा वाटला? तारे द्या." ऐसे करिता करिता पंधरवडा गेला, मग महिना गेला, आणि तों किल्लेदाराने आपलाच एक पाट्यांचा गेम गडावर मांडिला, पंचास कोणा भाडोत्री माणसाचा गुळगुळीत आवाज, आणि लोक तिकडे वळले. लोकांस काय, पळायास पाट्या असल्या म्हणजे झाले. विसाजीपंत किल्लेदाराच्या चाकरीस गेले, आणि जाताना रंगीत चित्र घेऊन गेले.

हैबतरावांस उभे राहण्यास जागा राहिली नाही. कारखाना ओस पडला, आणि त्यांच्या स्वतःच्या यंत्रावरही, तेही गडाचेच, गेम उघडेना. मग मार्गशीर्षात एके दिवशी राव फेट्यावाचून गावी गेले आणि वाचनालयाच्या पायरीशी चपला काढून उभे राहिले. आत नजमा होती. राव बोलिले, "नजमाबाई, माझा गेम तुमच्याकडं चालतो का? मला एकदा बघायचाय." नजमा बोलिली, "चालत होता. तुम्ही पहारेकरी बसवला तोवर." राव बोलिले, "पहारेकरी चोरांसाठी होता हो." नजमा बोलिली, "बसा. आता तुमच्या आत्या येतील. रोज येतात, चहा झाला की. मग बघा चोर कोण ते." राव बसले. थोड्या वेळात गोजराबाई आल्या, भाच्यास पाहून हसल्या, डोक्यावरून हात फिरविला, मग नेहमीच्या खुर्चीवर बसल्या, यंत्र चालू केले आणि गेम उघडिला, कारण गडाची बंदी पेठेतल्या यंत्रांपर्यंत पोहोचतच नव्हती. पडद्यावर मैदान आले, पाट्या आल्या. आणि पहारेकऱ्याने दुभाषी ओळखिला, पडदा लाल केला, आणि वाचनालयभर गोजराबाईंचा आवाज घुमला, "चोर रे चोर! बाद! चल बाहेर!" मैदान पुसले गेले. बाई शांतपणे बसल्या होत्या, आणि तो आवाज होत असताना त्यांचे ओठ त्याबरोबर हालले, 'चोर रे चोर', 'चल बाहेर', एकही अक्षर चुकले नाही.

हैबतराव बोलिले, "हे काय? रोज हे?" नजमा बोलिली, "रोज. गेम नाही चालत, पण हाकलताना एवढं बोलतो. दुसरीकडं कुठं ऐकायला मिळणार त्यांना स्वतःचा आवाज? तुम्ही म्हणाला होतात ना, मनात येईल तेव्हा लावा आणि ऐका. ऐकतात."  रावांचे तोंड उघडे राहिले आणि आवाज गेला त्या दिवशी आत्यांचे जैसे उघडत होते आणि मिटत होते तैसे उघडू मिटू लागले. बाईंनी भाच्याकडे पाहिले, बोट त्याच्याकडे केले, आणि पुन्हा ओठ हालविले, आवाज न होता, पण काय बोलिल्या ते खोलीत सर्वांस समजले. आता त्यात गुळाच्या वेळचे हसू नव्हते.

मग राव तेथेच सतरंजीवर बसले. गेमाचे सर्व मूळ लेखन, पोटातले आतडेन् आतडे, पेठेपुढे उघडून ठेविले आणि बोलिले, "पहारेकरी आधी काढा. बाकी मागाहून." नजमा बोलिली, "तुम्ही काढा. आम्ही दाखवतो कुठं आहे." दोघांनी मिळून तो उपटिला, आणि मग शाळेतल्या मुलींनी सांगितलेली चोरवाटही बुजविली. कामगारणीने दोन दिवस सांगितले होते, तिचा अंदाज चुकला. सांजवेळेच्या आत बुजली. आणि पेठेच्या बाजूने दार पाडिले, दुभाष्याचे काम उरले नाही. हल्ली गेम पेठेत चालतो आणि पेठेतून इतर दौलतींतही गेला आहे, जेथे जेथे तटावरून लोटिलेली यंत्रे आहेत तेथे तेथे. रावांचे गडावर नाव कोणी काढीत नाही. विसाजीपंत दरवाज्यात बसोन नव्या कारखानदारांस तेच चित्र दाखवितात, शंभरांत एक म्हणतात, आणि कारखानदार मान डोलावितात. त्यांस शहाणे करण्याचे काम आमचे नव्हे, आणि आमच्याने होणारही नाही.

सारांश येवढाच की ज्याने दुसऱ्याच्या गडावर घर बांधिले त्याने दरवाजा आपला म्हणू नये, आणि जी पेठ मोजायास कोणी गेले नाही तिने गेम राखिला. गोजराबाई अजून रोज चहा झाला की वाचनालयात येतात. 'सुटा' चा पुकारा होतो, भोवतीच्या मुली पळू लागतात, आणि बाई ओठ हालवितात. परंतु पडदा लाल होण्याची वेळ गेली तरी थोडा वेळ त्या खुर्चीच्या कडेस सरून बसतात, कोणी बाहेर काढील की काय म्हणोन. पाहिले ते लिहिले. कमी काही लिहिले असेल तर ते हैबतरावांच्या आत्यांस पाहून, भीड म्हणोन नव्हे.